कॅप्टन जसमाया मागं फिरली

जसमाया नेम्बांग बारा वर्षांनी इस्राएलहून परत आली, तेव्हा गावानं तिच्या घराचा आराखडासुद्धा ठरवून ठेवला होता. परदेशातून कमावून येणारा जो तो खाली सपाटीवर बिर्तामोडला तीन मजली घर बांधतो, तळमजला दुकानाला भाड्यानं देतो आणि वरच्या गच्चीत बसून आमच्या डोंगराची आठवण काढतो. जसमायाही तेच करणार, यात कुणाला शंका नव्हती. तिचा नवरा पदम बिर्तामोड ते आमचं ताप्लेजुंग अशी जीप चालवायचा, म्हणजे घर खाली असलेलं त्याच्याही सोयीचं होतं.

ती तेव्हा अडतीस वर्षांची होती. मुलगी फुंगमा दोन वर्षांची असताना तिला आपल्या आईवडिलांच्या हवाली करून ती गेली होती, हैफा नावाच्या शहरात रिव्का नावाच्या एका म्हाताऱ्या बाईची सेवा करायला. ही रिव्का शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. पायांनी अधू, डोकं मात्र शेवटपर्यंत तल्लख. संध्याकाळी वेळ जात नाही म्हणून ती जसमायाला गणितं घालायची आणि चुकलं की काठी आपटायची. ती वारली, आणि जसमाया परत आली.

मी शाळेत बारावी विज्ञानापर्यंत तिच्याच वर्गात होतो. नाव कर्णध्वज, पण गावात सगळे कर्णेच म्हणतात. नोकरी आमच्या सुकेटार विमानतळाच्या टॉवरमध्ये. विमानाला इथली हवा कशी आहे ते रेडिओवरून कळवायचं आणि विमान यायच्या आधी भोंगा वाजवून धावपट्टीवरची गुरं, शेरडं आणि माणसं हटवायची, हे माझं काम. जसमाया परत आली ती विमानानंच. सगळे प्रवासी उतरून आपापल्या गाठोड्यांकडे गेले, तरी ही विमानाच्या नाकाशी उभी राहून वैमानिकाशी बोलत होती. टपालाची पोती उचलायला मी खाली गेलो, म्हणून ते बोलणं माझ्या कानावर पडलं.

या लहान विमानांत वैमानिक आणि प्रवासी यांच्यामध्ये दार नसतं. जसमाया पहिल्याच रांगेत बसली होती आणि वाटभर तिनं त्या माणसाचे हात पाहिले होते.

"हे शिकायला काय लागतं?" ती विचारत होती.

वैमानिक पिकल्या मिशांचा, मोठा सभ्य माणूस. "मुलगी आहे का, बहिनी? तिला पाठवा."

"मुलीला विमानात उलट्या होतात. मी माझं विचारतेय."

तो हसला, पण मग तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबला. "डोळे, कान, छाती धड पाहिजे. बारावीपर्यंत विज्ञान पाहिजे. गणित पाहिजे."

"वय?"

"तशी अट नाही. पण लोक विशीत येतात."

"विशीत मला वेळ नव्हता," जसमाया म्हणाली आणि स्वतःची बॅग उचलून चालू लागली.

चार दिवसांनी तिच्या बापानं, रणधोज बानं, मला जेवायला बोलावलं. अंगणात पदम, मी आणि बा असे तिघं तोंगबा पीत बसलो होतो. आंबवलेल्या कोदोवर, म्हणजे नाचणीवर, गरम पाणी ओतायचं आणि बांबूच्या नळीनं सावकाश ओढायचं, बोलायला उसंत देणारं पेय आहे ते. जसमायानं पाणी ओतता ओतताच सांगितलं की घर बांधायचं नाही, विमान चालवायला शिकायचं आहे.

पदम म्हणाला, "कुठलं?" जणू दोन-चार विमानं दारात उभी होती आणि त्यातलं एक निवडायचं राहिलं होतं.

"सुरुवातीला लहान. शिक्षण फिलिपिन्समध्ये आहे. दीड वर्ष लागेल."

पदम बराच वेळ नळी ओढत राहिला. मग मला म्हणाला, "कर्णे, वीस वर्षं या वळणांवर जीप चालवतोय. मला कधी कुणी कॅप्टन म्हटलं?"

"मी म्हणते की," जसमाया म्हणाली.

"तू मला काय काय म्हणतेस ते पाहुण्यासमोर सांगण्यासारखं नाही."

रणधोज बा हसला नाही. त्यानं एवढंच विचारलं, "आणि पडलीस तर?"

"बा, हा रोज जीप घेऊन त्या दरीच्या कडेनं जातो. त्याला कधी विचारलंत?"

बानं जावयाकडे पाहिलं आणि मान हलवली. विचारलं नव्हतं, हे खरं होतं.

खरा अडसर फुंगमाचा होता. पोरगी चौदा वर्षांची झालेली. तिला आई फोनवरच माहीत होती, आणि आता कुठं प्रत्यक्षात मिळाली तर ही परत निघालेली. फुंगमानं भांडण केलं नाही. तिनं बोलणंच बंद केलं. ताट समोर आलं की जेवायची, झाडलोट करायची आणि आजीच्या अंथरुणात जाऊन झोपायची. आठवडाभर हे चाललं. मग एके सकाळी दोघी वेलचीच्या मळ्यात गवत काढत असताना तिनं वर न बघताच विचारलं, "दीड वर्षानंतर काय?"

"नंतर इथंच. या डोंगरांवर."

"म्हणजे घरी?"

"रोज घरी नाही. पण आपल्या देशात. कधी कधी तुझ्या डोक्यावरून जाईन."

"दिसशील?"

"ढग नसले तर."

फुंगमानं उपटलेलं गवत आईच्या अंगावर टाकलं आणि रडली. जसमायाही रडली. हे जसमायानं मला फार पुढं सांगितलं आणि म्हणाली, त्या दिवशी ती नको म्हणाली असती तर मी गेले नसते, बिर्तामोडला घर बांधून गच्चीत बसले असते.

बाजारात काय काय बोललं गेलं ते विचारू नका. चहाच्या टपरीवर पदमला लोक विचारायचे, "काय ज्वाईं, बायको वर उडाली की खालून दोरी धरणार का?" पदम म्हणायचा, "दोरी कसली, ती वरून मला बघत राहणार. आता कुठल्या टपरीवर थांबलो ते घरी कळणार, हीच चिंता आहे." माणूस थट्टेत थट्टा मिसळून बायकोची बाजू राखत होता.

फिलिपिन्सची हकिगत मला तिच्याकडून तुकड्या तुकड्यांनी कळली. वर्गात काठमांडूची पाच-सहा मुलं, सगळी विशीतली. त्यांनी पहिल्या आठवड्यातच तिचं नाव 'आमा', म्हणजे आई, ठेवलं आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळी तिच्याच खोलीत गणित विचारायला यायची. गणितानं तिला त्रास दिला नाही. त्रास दिला तो उतरण्यानं. विमान जमिनीवर टेकवताना ते उसळायचं, परत टेकायचं, परत उसळायचं. तिच्या मागून आलेली मुलं एकटी उडायला लागली, तरी हिचं उसळणं थांबेना. शिकवणारा सव्वीस वर्षांचा मुलगा होता. तो तिला म्हणाला, "तुम्ही विमानाला आजारी माणसासारखं पलंगावर हळूच ठेवायला बघता. ते ठेवायचं नसतं. वेग घालवत राहा, ते आपण होऊन बसतं."

बारा वर्षांची हाताची सवय ती. उचलायचं, सांभाळायचं, हळूच ठेवायचं. ती सवय मोडायला तिला महिना लागला. रोज संध्याकाळी ती खोलीतल्या खुर्चीवर बसून, डोळे मिटून, रिकाम्या हातांनी विमान उतरवायची, आणि शेवटच्या क्षणी हात काही करायला गेले की स्वतःवर चिडून हिब्रूत शिव्या द्यायची. ती भाषा तिथं कुणालाच कळत नव्हती, त्यामुळे सोय होती.

एके दिवशी मास्तर खाली उतरला आणि म्हणाला, आता एकट्या जा. ती गेली, धावपट्टीला एक वळसा घातला आणि उतरली. विमान एकदाही उसळलं नाही. पोरांनी रिवाजाप्रमाणे तिच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं. ओल्या कपड्यांनीच तिनं पदमला फोन लावला.

पदमनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ब्रेक कुठं असतो त्याला?"

"पायातच. तुझ्या जीपसारखा."

"मग जमेल तुला," पदम म्हणाला. फोन ठेवल्यावर तो जीपच्या चाकाशी बसून बराच वेळ उठलाच नाही, हे त्याच्या क्लीनरनं मला सांगितलं.

परवाना घेऊन ती काठमांडूला आली. आपल्याकडच्या परीक्षा दिल्या आणि मग थांबली. परवाना हातात घेऊन नोकरीची वाट बघणारी पोरं काठमांडूत तेव्हा ढीगभर होती, आणि त्यातल्या कुणाचंच वय एकेचाळीस नव्हतं. एका कंपनीनं तिचे कागद उघडूनही पाहिले नाहीत. दुसऱ्या ठिकाणी तिला हवाई सुंदरींच्या प्रशिक्षिकेची जागा देऊ केली. तिसऱ्या कंपनीतला मुख्य वैमानिक तिला निदान समोर बसवून बोलला.

"तुम्हाला शिकवून तयार करायला आम्हाला तीन वर्षं लागतील. तोवर तुम्ही चव्वेचाळीसच्या व्हाल," तो म्हणाला.

"हो. आणि त्यानंतर वीस वर्षं इथंच राहीन," जसमाया म्हणाली. "सर, तुमची पंचविशीतली मुलं इथं हात साफ करतात आणि मोठं विमान मिळालं की आखातात निघून जातात. जातात ना?"

आदल्याच महिन्यात त्याचे तिघं गेले होते.

"मी परदेशी जाऊन आले," ती म्हणाली. "आता मला कुठं जायचं नाहीये."

तिला नोकरी मिळाली.

पुढची काही वर्षं ती उजव्या खुर्चीत बसली, सहवैमानिक म्हणून. जुम्ला, सिमीकोट, फाप्लू, लुक्ला, जिथं जिथं डोंगराच्या कडेला चटईएवढी जागा सपाट केली आहे, तिथं तिथं ती उतरली. डाव्या खुर्चीतला कॅप्टन बहुतेक वेळा तिच्याहून दहा-पंधरा वर्षांनी लहान असायचा. विमानात तो सर, उतरल्यावर भाई. या बाबतीत तिला कधी अवघडल्यासारखं वाटलं नाही. अवघडायचे प्रवासी. विमानाच्या दाराशी उभी असली की कुणीतरी हमखास म्हणायचं, "दिदी, पाणी मिळेल?" ती पाणी आणून द्यायची आणि मग पुढं जाऊन वैमानिकाच्या खुर्चीत बसायची. नेपाळगंजच्या एका शेटजींनी म्हणे तेव्हा पाण्याचा घोट गिळायचा की नाही याचा बराच विचार केला.

तिचा आवाज पहिल्यांदा माझ्या रेडिओत आला तो दिवस मला आठवतो. रेडिओवर बोलणं सगळं ठराविक इंग्रजीत असतं, त्यात गावगप्पांना जागा नाही. तिनं विमानाचा क्रमांक सांगितला, उंची सांगितली, हवा विचारली. मी वारा सांगितला, ढग सांगितले. दोघांनीही ओळख दाखवली नाही. विमान उतरलं, प्रवासी चढले, विमान गेलं. मग मी टॉवरची खिडकी उघडली आणि खाली उभ्या असलेल्या पोलिसाला सांगितलं, "ती आमच्या वर्गातली आहे." त्याला काय करायचं होतं. पण मला कुणाला तरी सांगितल्यावाचून राहवेना.

सत्तेचाळिसाव्या वर्षी ती कॅप्टन झाली. लिंबू नावाच्या आमच्या समाजातली, आमच्या डोंगरावरची, परदेशात म्हातारीची सेवा केलेली बाई. खांद्यावर चार पट्ट्या. बातमी कळली तशी वॉर्डाध्यक्ष तेजमान लावती यांनी सभाच घेतली. कॅप्टन म्हणून ती पहिल्यांदा सुकेटारला विमान आणेल त्या दिवशी गावानं तिचं स्वागत करायचं ठरलं. च्याब्रुंग वाजवणारे आठ जण आले. हा आमचा लांबट ढोल, गळ्यात अडकवून नाचत वाजवायचा. झेंडूच्या माळा झाल्या. डुक्कर कापलं. शाळेला सुट्टी दिली. धावपट्टीच्या कुंपणाला माणूस चिकटून उभा, जत्रा असावी तशी.

रणधोज बाची तर वेगळीच हौस. पंच्याहत्तर वर्षांचा माणूस, आयुष्यात विमानात बसला नव्हता. तो आदल्या दिवशी पदमच्या जीपमधून मुद्दाम खाली गेला, का तर लेकीच्या विमानातून वर यायचं. नवी ढाका टोपी, धुतलेला कोट. भद्रपूरच्या विमानतळावर त्याला पहिल्या रांगेत बसवलं. लेकीनं स्वतः पट्टा बांधून दिला.

चैताचे दिवस होते. सकाळ लख्ख होती, पण चैतात आमच्याकडं सकाळची खात्री नसते. तमोर नदीच्या खोऱ्यातून ढग उठतो, कडा चढून येतो आणि बघता बघता डोंगराचा माथा गिळतो. विमान भद्रपूरहून उडालं असा निरोप आला तेव्हा मी टॉवरमधून पलीकडचा डोंगर बघत होतो. ते मध्यावर आलं तेव्हा पलीकडचा डोंगर दिसेनासा झाला होता.

"सुकेटार, हवा सांगा," तिचा आवाज आला.

मी सांगितली. दक्षिणेचं टोक झाकायला लागलंय, ढग वर येतोय, वारा फिरतोय.

जिना धडधडला आणि तेजमान लावती वर आले. गळ्यात झेंडूची माळ, हातात दुसरी. "काय म्हणतेय?"

"हवा विचारतेय."

"मग उघडी आहे म्हण."

"अर्धी उघडी आहे, दाइ. अर्धीच म्हणणार."

"अरे, लोक पहाटेपासून उभे आहेत. एवढंसं धुकं. मागं कितीतरी विमानं यात उतरलीत, मी पाहिलीत."

"तुम्ही कुंपणाबाहेरून पाहिलीत," मी म्हणालो.

ते रागावले. पण गेले नाहीत, माझ्या मागं उभे राहिले. आणि रेडिओवर पुन्हा ती: "दक्षिण टोक आता?"

मी बघितलं. वारा दाखवणारी नारिंगी पिशवी दिसत होती. तिच्या पलीकडं पांढरं. "टोक दिसत नाही. पिशवीपर्यंतच दिसतं."

"एक फेरी घेते. पाहू."

खाली लोकांना इंजिनाचा आवाज आला आणि च्याब्रुंग दुप्पट जोरानं वाजायला लागले. बायका टाचा उंचावून वर बघत होत्या. ढगाला एक भोक पडलं आणि त्यातून विमानाचं पोट दिसलं, पांढरं, अगदी जवळ. सगळे ओरडले. त्याच वेळी वाऱ्यानं धावपट्टीवरचा ढगही थोडा सरकवला आणि दक्षिणेचं टोक क्षणभर स्पष्ट दिसलं.

तेजमान लावतींनी माझा खांदा धरला. "उघडलं. सांग."

मी सांगितलं. "टोक आता दिसतंय." आणि तेवढ्यात ते परत झाकलं, तेही सांगितलं. "गेलं. परत झाकलं."

रेडिओ गप्प राहिला. फार वेळ नाही, एक श्वास घ्यावा एवढाच. मग ती म्हणाली, "सुकेटार, मागं फिरतेय. भद्रपूरला जाते." चहा नको म्हणावं इतक्या साध्या आवाजात.

विमानाचा आवाज दक्षिणेला लांब लांब गेला. च्याब्रुंग एक एक करून थांबले. काही क्षणांतच माझ्या खिडकीची काच आतून-बाहेरून पांढरी झाली. नारिंगी पिशवीसुद्धा दिसेना. धावपट्टीवर विमान असतं तर मला ते दिसलं नसतं.

तिच्याबरोबर प्रज्वल नावाचा तरुण सहवैमानिक होता. त्याच्याशी पुढं माझी ओळख झाली, तेव्हा त्यानं त्या क्षणाचं सांगितलं. टोक उघडलं तेव्हा त्यालाही वाटलं, आता जाऊ. त्यानं तिच्याकडं पाहिलं. खाली तिचं गाव होतं, तिची माणसं नाचत होती, पाठीशी तिचा बाप बसला होता. ती म्हणाली, "पाहिलंस? एवढ्यासाठी नाही जायचं." आणि हात पुढं करून इंजिनाला जोर दिला.

गावात जे बोललं गेलं ते मी ऐकलं. "पूर्वी दाढीवाले पायलट यायचे, तेव्हा उतरायचे." "म्हातारीला जपायची सवय, विमानही तसंच जपतेय." "पट्ट्या चार आहेत, काळीज अर्धं." डुक्कर कापलेलं होतं ते सगळ्यांनी खाल्लं, आणि जेवताना हेच बोलले. फुंगमा तेव्हा जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला लागली होती. ती पंगतीतून ताट तसंच ठेवून उठली.

तिकडं कंपनीनं ते विमान दुसऱ्या मार्गाला लावलं, आणि जसमायाला दोन दिवसांची सुट्टी होती. तिनं काय करावं? अडकलेल्या प्रवाशांना दुसऱ्या दिवशी वर नेणाऱ्या जीपमध्ये स्वतः चढून बसली. जीप अर्थातच पदमची. पुढची जागा बाला दिली आणि ही मागच्या बाकावर सात जणांत, मांडीवर कुणाचं तरी कोंबड्यांचं खुराडं घेऊन. एक बाई सारखी कुरकुरत होती, अर्ध्या तासाचा प्रवास दिवसभराचा झाला म्हणून. मग तिचं लक्ष गेलं. "अगबाई, तुम्ही तर पायलट. तुम्हीपण जीपनं?"

"मलापण वरच जायचं होतं, दिदी," जसमाया म्हणाली.

त्यानंतर जीपमध्ये विमानाबद्दल कुणी बोललं नाही. रणधोज बा तर आदल्या दिवसापासून काहीच बोलला नव्हता. पदमनं दोनदा त्याला चहाला विचारलं, त्यानं दोनदा मान हलवली. जसमायाला वाटत राहिलं, बाचा मान गेला, नवी टोपी घालून आला होता आणि मी त्याला तसाच परत नेला. ही एक गोष्ट तिला टोचत होती. मागं फिरल्याबद्दल तिला एकदाही वाईट वाटलं नव्हतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाच्या अंगणात माणसं जमली. कुणी बोलावलं नव्हतं. थोडी सांत्वनाला, थोडी बघायला. तेजमान लावतीही आले. मीही होतो.

लावती म्हणाले, "बहिनी, राग नाही. पण गावाची शोभा झाली. अगदी वर येऊन तोंड फिरवलंस."

"ढग होता, दाइ."

"उघडला होता. मी टॉवरमध्ये उभा होतो."

जसमाया काही बोलणार तेवढ्यात बा उठला. तो फार बोलणारा माणूस नव्हे, त्यामुळं तो उभा राहिल्याचं पाहून सगळे गप्प झाले.

"तेजमान, मी तीस वर्षं घुन्साच्या वाटेनं खेचरं नेली," तो म्हणाला. "खिंडीत बर्फ दिसलं की मागं फिरायचो. माल पडून राहायचा, व्यापारी शिव्या द्यायचा. माझ्याबरोबर दोघं होते, त्यांना शिव्या सहन व्हायच्या नाहीत. ते पुढं गेले. त्यांच्या बायकांना तू ओळखतोस. एक तुझी मावशी."

लावतींनी मान खाली घातली.

"परवा मी हिच्या मागं बसलो होतो," बा म्हणाला. "खाली माझं गाव दिसत होतं, मला तुमच्या माळासुद्धा दिसल्या. मी मनात म्हणत होतो, उतर पोरी, उतर. मी तीस वर्षं मागं फिरलेला माणूस, मीसुद्धा तेच म्हणत होतो. तिनं ऐकलं नाही. माझं नाही, तुमचं नाही, तुमच्या ढोलांचं नाही. दोन दिवस मी बोललो नाही, कारण बोललो असतो तर जीपमध्येच रडलो असतो. या वयात बरं दिसत नाही."

आणि तो तिथं अंगणात, सगळ्यांसमोर रडला. जसमाया उठून त्याच्याजवळ गेली. फुंगमा दारात उभी होती, ती आत गेली आणि सगळ्यांसाठी चहा ठेवला. पदमनं लावतींना विचारलं, "डुक्कर शिल्लक आहे का थोडं? आम्ही उपाशीच आलो." लोक हसले, आणि मग जे बोलणं सुरू झालं ते वेलचीच्या भावावर गेलं.

त्यानंतर बारा-पंधरा दिवसांनी ती विमान घेऊन आली. ढोल नव्हते, माळा नव्हत्या. आकाश इतकं स्वच्छ होतं की बर्फाचा कुंभकर्ण हिमाल खिडकीत टेकल्यासारखा वाटत होता. मी भोंगा वाजवला, पोलिसानं एक वासरू हाकललं, आणि विमान धावपट्टीवर येऊन बसलं. खरंच बसलं, न उसळता. बा पहिल्या रांगेत होताच. तो खाली उतरला, टोपी सारखी केली आणि कुणाचीही वाट न बघता घराकडं चालायला लागला, रोजच येत असल्यासारखा. फुंगमा दवाखान्याचा कोट तसाच घालून आली होती. आईला तिनं वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, खांद्यावरच्या पट्ट्यांवरून एकदा बोट फिरवलं आणि म्हणाली, "जेवलीस का?"

"खाली जाऊन जेवेन."

"आत्ता खा," म्हणून तिनं पानात गुंडाळलेला भात आणि आंबवलेल्या सोयाबीनचा किनेमा हातात ठेवला. कॅप्टन जसमाया नेम्बांग विमानाच्या पंखाखाली उभी राहून चार घास जेवली, हात धुतले आणि खुर्चीत जाऊन बसली.

आज ती पन्नाशी ओलांडून गेली आहे. नव्या पोरांना शिकवते, अजूनही उडते, अजूनही कधी मधी आमच्या ढगावरून मागं फिरते. तसं झालं की कुंपणाशी ताटकळलेले प्रवासी कुरकुरायला लागतात, कुणी नवखा आवाज चढवतो. तेजमान लावतींची वेलचीची पोती बहुतेक वेळा त्याच विमानानं जायची असतात. ते पोत्यावरून उठतात, त्या नवख्याला बाजूला घेतात आणि म्हणतात, "कोण आहे विमानात ते माहीत आहे का? जसमाया आहे. ती येत नाही म्हणजे येण्यासारखं नाही. चला, चहा घेऊ."